दंड सारखा, शिक्षा वेगळी : दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कायद्याबद्दल

(हैदराबादमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यास मंडळात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर आहे.)



मंडळाने मला ‘कायदा आणि जात’ हा विषय दिला होता. एका तासात तो आवरणार नाही, म्हणून मी त्यातलं एकच कलम घेऊन आले आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. दारू पिऊन गाडी चालवली तर काय शिक्षा होते, ते सांगणारं कलम. तुमच्यातल्या काहींना वाटेल की हा ट्रॅफिक पोलिसांचा विषय, तो इथे कशाला? ॲट्रॉसिटीच्या निकालांवर बोलू, आरक्षणातल्या उपवर्गीकरणावर बोलू. त्यावर आपण बोलतोच आणि बोलत राहू. पण आपल्या घरातल्या माणसांची कायद्याशी गाठ पडते ती बहुतेक वेळा नाक्यावर, चौकीत आणि दंडाधिकाऱ्याच्या कोर्टात. आपल्या घरांत रिक्षा, टेम्पो, ट्रक, कॅब चालवणारे आहेत. रस्त्याच्या कामावर जाणारे, कामाच्या जागीच झोपणारे आहेत. आणि आता आपल्यासारखेही आहेत, ज्यांनी पहिल्या पगारातून हप्त्यावर दुचाकी घेतली. या कलमाच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं उभी असतात, म्हणून हा विषय आपला आहे.

आधी कलम काय म्हणतं ते नीट पाहू. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्यांदा सापडलात तर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय याच कायद्याच्या कलम २० प्रमाणे, दोषी ठरलेल्याला कोर्टाने किमान ६ महिने गाडी चालवायला अपात्र ठरवायचं असतं. कलमात ३१ मिलिग्रॅम आणि ३०० मिलिग्रॅम यांत फरक नाही. रिकाम्या रस्त्यावर हळू चाललेली मोपेड आणि भर वस्तीत सुसाट सुटलेली मोटार यांतही या कलमापुरता फरक नाही.

दंडाची ही रक्कम २०१९ च्या दुरुस्तीने आली. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून ती लागू झाली. आधी पहिल्या गुन्ह्याला ‘२,००० रुपयांपर्यंत’ दंड होता. तेव्हा वर्तमानपत्रांनी छापलं की दंड पाचपट झाला. ते खरंच आहे, पण रकमेच्या गडबडीत एक लहान शब्द गेला तो कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. तो शब्द म्हणजे ‘पर्यंत’. आधी दंडाधिकारी समोरच्या माणसाकडे बघून ५०० रुपयेही लावू शकत होता. आता दंड लावायचा तर १०,०००, त्यात खालीवर नाही. इतर अनेक वाहतूक गुन्ह्यांत राज्य सरकार तडजोडीची रक्कम ठरवू शकतं. २०१९ मध्ये गुजरातसारख्या राज्यांनी ती कमीही केली. पण कलम १८५ तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीतच नाही. ते नाक्यावर पावती फाडून संपत नाही, कोर्टातच जावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आता हिशेब करू. समजा एक रिक्षावाला सगळा खर्च जाऊन दिवसाला ६०० रुपये घरी नेतो. त्याच्यासाठी १०,००० रुपये म्हणजे साधारण १७ दिवसांची कमाई. दुसरा कंपनीत आहे, महिन्याला दीड लाख घेतो. त्याच्यासाठी तीच रक्कम म्हणजे दोन दिवस. तिसऱ्याच्या घरी तीन गाड्या आणि एक ड्रायव्हर आहे. त्याला ती रक्कम आठवतही नसेल.

लायसन्सचं तर याहून स्पष्ट आहे. सहा महिने गाडी चालवायची नाही, हा आदेश तिघांना एकाच भाषेत मिळतो. तिसरा मागच्या सीटवर बसतो. दुसरा कॅब करतो. पहिल्याच्या घरची चूल थांबते, आणि रिक्षा हप्त्यावर असेल तर फायनान्सवाला दारात येतो.

आणि दंड भरता आला नाही तर? तर कोर्ट त्याऐवजी कैद सांगतं. कायद्याने ही कैद मूळ गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापर्यंत असू शकते. इथे सहा महिन्यांचा एक चतुर्थांश म्हणजे दीड महिना. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला दंड, ज्याच्याकडे नाहीत त्याला त्याच गुन्ह्यासाठी तुरुंग. कागदावर दोघांना शिक्षा सारखीच झालेली असते.

संशोधनाच्या निमित्ताने मी दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टांत बसते. एका सकाळी रांगेत दोघे पुढेमागे उभे होते, दोघेही आदल्या शनिवारच्या नाकाबंदीत सापडलेले. पुढच्याने वकिलाला फोन दाखवला, पैसे गेले, तो घड्याळ बघत निघाला. मागचा टेम्पो चालवणारा होता. त्याने दुपारपर्यंत नऊ-दहा फोन केले. मेहुण्याला, मालकाला, भिशीवाल्या बाईला. प्रत्येक फोनला आवाज खाली आणून तो एकच वाक्य बोलत होता, ‘दहा लागतायत, आजच लागतायत.’ त्याने गुन्हा केला नव्हता असं मी म्हणत नाही. त्याने केला होता, पुढच्यानेही केला होता. पण शिक्षा मला एकालाच होताना दिसली.

इथे कुणी म्हणेल की कोर्टाने प्रत्येकाचं उत्पन्न कसं शोधायचं? शक्यच नाही. हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्याचं उत्तर याच मोटार वाहन कायद्यात आहे. अपघातात माणूस मेला की त्याच्या घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. तिथे भरपाई कशी ठरते? मेलेल्याच्या उत्पन्नावरून. वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा हिस्सा वजा करायचा, वयाप्रमाणे गुणक लावायचा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा निकालात हे सूत्र नीट बसवलं आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालात घटनापीठाने ते पुढे नेलं. मजुराकडे पगाराची स्लिप नसली तरी न्यायाधिकरण थांबत नाही. किमान वेतनावरून किंवा अंदाजाने उत्पन्न धरतं आणि आकडा काढतं. वय तेच, घरात खाणारी तोंडं तितकीच, तरी मजुराच्या मरणाची भरपाई इंजिनिअरच्या मरणाच्या दहावा हिस्साही भरू शकते, कारण उत्पन्न दहावा हिस्सा होतं. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही तर मृत्यूला सरसकट २ लाख. तेही १ एप्रिल २०२२ पासून, त्याआधी २५,००० होते.

भरपाईच्या या पद्धतीला तर्क आहे, तो मी नाकारत नाही. घरात जो पैसा येणं थांबलं तो भरून द्यायचा आहे. पण मग एक गोष्ट मान्य करा. आपली न्यायव्यवस्था माणसाचं उत्पन्न मोजू शकते. रोज मोजते, कागद नसलेल्यांचंही मोजते. मेलेल्याचं उत्पन्न मोजायचं आणि मारणाऱ्याचं उत्पन्न विचारायचंही नाही, ही कुणाच्या सोयीची व्यवस्था आहे? हाच प्रश्न घेऊन मी आज आले आहे, बाकी सगळं त्याच्याभोवती आहे.

फिनलंडमध्ये १९२१ पासून दिवसांच्या हिशेबाने दंड आहे. गुन्हा किती गंभीर त्यावर दिवसांची संख्या ठरते आणि त्या माणसाच्या उत्पन्नावर एका दिवसाची रक्कम. दारू पिऊन गाडी चालवणाराही त्यातच येतो. इंग्लंडमध्ये या गुन्ह्याचा दंड आठवड्याच्या उत्पन्नाच्या टक्क्यांत ठरतो, आणि किमान वर्षभर गाडी बंद होते. म्हणजे ही कल्पना कुणाच्या डोक्यातलं स्वप्न नाही, चालू कारभार आहे.

आता एक अवघड आक्षेप. तो मला एका वर्गमित्राने विचारला होता. तो म्हणाला, ‘तुम्ही मनुस्मृती जाळली ती माणसाप्रमाणे शिक्षा बदलते म्हणून. आता तुम्हीच म्हणता की माणसाप्रमाणे दंड बदला?’ प्रश्न चांगला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवीगाळीच्या शिक्षा आहेत. ब्राह्मणाला शिवी दिली तर क्षत्रियाला १०० पण दंड, वैश्याला १५० किंवा २००, शूद्राला शरीरदंड. ब्राह्मणाने शिवी दिली तर समोर क्षत्रिय असताना ५०, वैश्य असताना २५, शूद्र असताना १२. जन्म बघून शिक्षा, आणि जितका जन्म वरचा तितका चटका कमी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे जाळलं ते हे. उत्पन्नाच्या हिशेबाचा दंड नेमका उलटा चालतो. तो जन्म विचारत नाही, आणि चटका सगळ्यांना सारखा बसावा म्हणून रक्कम बदलतो. संविधानाच्या कलम १४ ने आपल्याला एकच कायदा मिळवून दिला, ही मोठी कमाई आहे, तिला मी हलकं म्हणणार नाही. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत. सरसकट १०,००० चा दंड मला त्या विसंगतीचं साधं, रोजचं उदाहरण वाटतं.

इथपर्यंत मी फक्त पकडलं जाण्याबद्दल बोलले. माणसं मेली तर काय होतं?

मुंबईत १२ नोव्हेंबर २००६ ला पहाटे कार्टर रोडवर एक मोटार फुटपाथवर चढली. तिथे रस्त्याच्या कामावरचे मजूर झोपले होते. ७ मेले, ८ जखमी झाले. चालवणाऱ्याच्या रक्तात अल्कोहोल सापडलं. सत्र न्यायालयाने २००७ मध्ये निष्काळजीपणाचं कलम लावून ६ महिने कैद आणि ५ लाख रुपये सांगितले. सात माणसांना सहा महिने. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून ३ वर्षं केली. ॲलिस्टर परेरा खटला म्हणून कायद्याचे विद्यार्थी हा निकाल वाचतात. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ३ वर्षं कायम ठेवली आणि ती फारच अपुरी आहेत असंही म्हटलं. मग वाढवली का नाहीत? कारण राज्य सरकारने शिक्षा वाढवण्यासाठी अपीलच केलं नव्हतं.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे गेले नाही. फुटपाथवर मेलेल्या मजुरांच्या वतीने अपील कुणी करायचं? त्यांच्या घरच्यांनी? कायदा पीडितांना अपील देतो, पण आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी असली तरच. शिक्षा कमी आहे म्हणून पीडिताला अपील करता येत नाही, हे २०२० मध्ये परविंदर कन्सल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. तो अधिकार सरकारचा. सरकार गप्प बसलं की विषय संपला.

दिल्लीत १० जानेवारी १९९९ ला लोधी कॉलनीत एका बीएमडब्ल्यूखाली ६ जण मेले, त्यात ३ पोलीस होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा मान्य केला, पण शिक्षा भोगून झाली तेवढी, म्हणजे सुमारे २ वर्षं, पुरेशी मानली. सोबत ५० लाख रुपये आणि २ वर्षं समाजसेवा. गुन्ह्याचं नाव मोठं झालं, शिक्षा तेवढीच राहिली.

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर मेले. १७ वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला, अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह. देशभर लोक त्या निबंधावर संतापले. माझं मत थोडं वेगळं आहे. अल्पवयीन मुलाला सुधारायची संधी मिळावी हे तत्त्व बरोबर आहे, ते आपण सोडू नये. आपल्या वस्तीतला १७ वर्षांचा मुलगा मोबाइल चोरीच्या संशयात उचलला जातो, तेव्हा हेच तत्त्व त्याच्यापर्यंत इतक्या लवकर पोहोचतं का, एवढाच माझा प्रश्न आहे. त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. घरच्या ड्रायव्हरला डांबून गुन्हा अंगावर घ्यायला लावण्याचा प्रयत्न झाला, असाही पोलिसांचा आरोप आहे. त्याचा निकाल कोर्ट देईल. पण ‘ड्रायव्हरच्या नावावर टाकू’ हा विचार कुणाच्या डोक्यात येऊ शकतो, यावर आपल्याला कुणाचंच आश्चर्य वाटलं नाही, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी टिपून ठेवावं. घरातली घाण जशी दुसऱ्याने उचलायची असते, तशी शिक्षाही दुसऱ्याने भोगायची असते, ही सवय जुनी आहे.

या खटल्यांच्या निकालपत्रांत मृतांची जात लिहिलेली नसते. रस्ते अपघातांच्या सरकारी तक्त्यांतही जातीचा रकाना नसतो. पण त्या तक्त्यांत दुसरं बरंच आहे. २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे, सुमारे १९ टक्के पायी चालणारे. मोटारीच्या काचेआड बसलेल्यांपेक्षा बाहेरचे जास्त मरतात. बाहेर कोण असतं, रात्री डांबराच्या कामाशेजारी कोण झोपतं, पहाटे रस्ता झाडायला कोण उतरतं, हे शोधायला आपल्याला पीएच.डी. लागत नाही.

आता थोडं बिहारकडे चला. तिथला कायदा गाडीचा नाही, पिण्याचाच आहे, पण शिक्षेच्या तुलनेसाठी तो बघायलाच हवा. २०१६ च्या दारूबंदी कायद्यात दारू पिण्यालाच किमान ५ वर्षं कैद आणि किमान १ लाख दंड होता. जुलै २०१७ मध्ये त्याखाली पहिली शिक्षा झाली. जहानाबादचे दोन मुसहर भाऊ, दोघेही मजूर. प्रत्येकी ५ वर्षं, प्रत्येकी १ लाख. त्यांनी कुणाला मारलं नव्हतं, कुणावर गाडी घातली नव्हती. पिऊन सात माणसं मारली तर ३ वर्षं आणि नुसतं पिलं तर ५ वर्षं. दोन वेगळी राज्यं, दोन वेगळे कायदे, हे मला माहीत आहे. तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पुढे २०१८ आणि २०२२ च्या दुरुस्त्यांनी बिहारने पहिल्या गुन्ह्याची शिक्षा खाली आणली, आता २,००० ते ५,००० दंड आणि तो न भरल्यास एक महिना. पण कायदा जेव्हा पूर्ण कडक होता तेव्हा त्याने पहिला हात कुठे घातला, ते आपण विसरू नये.

म्हणून कुठलाही मोठा अपघात झाला की ‘शिक्षा वाढवा, फाशी द्या’ अशी जी ओरड होते, तिच्यात मी आवाज मिसळत नाही. वाढलेली शिक्षा आधी त्यालाच लागते ज्याच्याकडे वकील नाही. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला तो याच भीतीने. नव्या न्याय संहितेत ठोकून पळणाऱ्याला १० वर्षांची तरतूद होती, आणि संपानंतर सरकारला ते उपकलम थांबवून ठेवावं लागलं. आपल्या तुरुंगांत साधारण तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. अनुसूचित जातींचा तुरुंगातला वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त आहे. आणि सहा महिने तुरुंग सगळ्यांसाठी सारखा नसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की जात बघून कैद्यांना झाडूकाम आणि स्वयंपाक वाटणं घटनाबाह्य आहे. म्हणजे तोपर्यंत नियमावल्यांतच ते होतं.

पण माझं बोलणं ऐकून कुणी असं समजू नये की गरीब आहे म्हणून पिऊन चालवलं तरी चालतं. अजिबात नाही. दारूने आपली घरं किती खाल्ली हे आपल्या आया सांगतील. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत असताना, १८८० मध्ये, शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लिहीत होते. बिहारची दारूबंदीही गरीब बायकांच्या मागणीतून आली होती. पिऊन चालवणारा टेम्पोवाला ज्याला उडवतो तोही बहुतेक वेळा आपलाच असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्षा प्रत्येकाला लागली पाहिजे, आणि सारखी लागली पाहिजे.

मग मागायचं काय? पहिलं, दंड उत्पन्नाच्या प्रमाणात. आजच्या १०,००० ऐवजी कायद्यात दिवस लिहा, समजा १५ दिवसांची कमाई. रिक्षावाल्याला ते ९,००० पडेल, दीड लाखवाल्याला ७५,०००. दुसरं, शिक्षा ठरवण्याची लेखी तत्त्वं. मळीमठ समितीने २००३ मध्ये आणि नंतर माधव मेनन समितीनेही याची गरज सांगितली होती. अशी तत्त्वं आपल्याकडे नाहीत, हे २००८ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाने प्रेम सागर प्रकरणात नोंदवलं. तीच गाडी, तोच गुन्हा, आणि एका कोर्टात सहा महिने, दुसऱ्यात तीन वर्षं असं होणार असेल तर कारणं तरी कागदावर यावीत. तिसरं, शिक्षा अपुरी वाटली तर मृताच्या घरच्यांना अपिलाचा हक्क. चौथं, ज्याने कुणाला इजा केलेली नाही त्याच्यासाठी समाजसेवेची शिक्षा आणि व्यसनावर उपचार. नव्या न्याय संहितेत सार्वजनिक जागी पिऊन गोंधळ घालणाऱ्याला समाजसेवा सांगता येते, कलम १८५ मध्ये मात्र तो पर्याय लिहिलेला नाही. अपघात विभागात महिनाभर स्ट्रेचर ओढायला लावलं तर ते दीड लाखवाल्यालाही तितकंच जड जाईल. वेळ सगळ्यांकडे दिवसाला चोवीस तासच असतो.

आणि सगळ्यांत आधी, पकडलं जाण्याची खात्री. गुन्हेगारीचा अभ्यास करणारे दोनशे-अडीचशे वर्षांपासून सांगत आले आहेत की माणूस शिक्षेच्या आकड्याला घाबरत नाही, सापडण्याला घाबरतो. नाकाबंदी फक्त उड्डाणपुलाखाली आणि वस्तीच्या तोंडाशी नको, पबच्या आणि क्लबच्या दारातही हवी.

शेवटी तुमच्या कामाचं. मघाशी म्हटलं होतं की कलम १८५ पावतीवर मिटत नाही. इथले अनेक जण स्पर्धा परीक्षा देतात. नाक्यावर किंवा कोर्टाच्या आवारात कुणीतरी सांगतं, ‘कबूल कर, दहा हजार भर, मोकळा हो.’ कबूल केलं की ती दोषसिद्धी होते. हेल्मेटच्या चलानासारखी ती नसते. उद्या सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात ‘कधी दोषी ठरला आहात का’ हा रकाना येईल. तिथे ‘नाही’ लिहिलं तर माहिती लपवली असा दुसरा डाग लागतो. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर नियम घालून दिले. किरकोळ प्रकरण लपवल्याबद्दल नेमणूक करणारा माफ करू शकतो, पण खरं सांगूनही पार्श्वभूमी तपासण्याचा त्याचा अधिकार राहतो. घरातला पहिला पदवीधर एका रात्रीसाठी ही जोखीम घेतो, तेव्हा ती त्याच्या एकट्याची नसते. प्यायला असाल तर गाडीला हात लावू नका. मित्र प्यायला असेल तर चावी काढून घ्या. याच कायद्यात चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. ‘चल, काही होत नाही’ म्हणणाराही त्यात येऊ शकतो.

आणि तुमच्या गल्लीतला कुणी सापडला तर त्याला हे सांगा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री आणि कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. प्रत्येक तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात त्याचं कार्यालय असतं. कबुलीवर सही करण्याआधी तिथे जायचं. यंत्राने किती आकडा दाखवला तो मागायचा, कागदाची प्रत मागायची. दंड लगेच जमत नसेल तर मुदतीचा किंवा हप्त्यांचा अर्ज करता येतो, तसा करायचा. त्या टेम्पोवाल्याला त्या दिवशी हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या आजूबाजूला इंग्रजीतला अर्ज वाचू शकणारा कुणी नव्हता. आपण वाचू शकतो.

आपल्यातल्या ज्यांना शक्य आहे त्यांनी महिन्यातून एक सकाळ दंडाधिकाऱ्याच्या कोर्टात जाऊन बसा. कोर्ट सगळ्यांसाठी उघडं असतं, परवानगी लागत नाही. कुणाला काय शिक्षा झाली, कुणी लगेच भरली, कोण मागे राहिला, ते वहीत लिहा. सरकारी तक्त्यात जो रकाना नाही तो अशाच वह्यांतून भरायला लागेल.

प्रश्न असतील तर घेऊ. जय भीम, जय संविधान.